गोधडीचा मधला थर का सरकतो?

प्रश्न : लेकीच्या बाळासाठी आईच्या दोन सुती लुगड्यांची गोधडी शिवते आहे, पुणे-नागपूर रेल्वेप्रवासातही ती हातात असते, परंतु घडी उलगडली की मधला थर गोळा झालेला दिसतो. काय करावे?

उत्तर : ताई, घरीच थर जमिनीवर ताणून पसरा, वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घाला आणि मगच धावदोरा सुरू करा. गाडीत थर लावू नयेत.

उत्तर : कर्नाटकातील हल्याळ परिसरातील सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) समाजाच्या महिला कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, कडेपासून मध्याकडे शिवत नेतात व कोपऱ्यांवर ‘फुले’, म्हणजे दुमडलेले त्रिकोणी कापडी तुकडे, लावतात. तसे करून पाहावे.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. पदराचा झिजलेला मऊ भाग वरच्या थरात घेतला आहे, बाळाच्या गालाला तोच लागावा.