घंगाळ अडकलंय! कुठला कागद लागतो? (तातडीची मदत हवी आहे)

ओसरीवरून | सोमवार, रात्री १०:४२

कुणाला माहीत असेल तर आजच सांगा. अंघोळीच्या पाण्याचं जुनं घंगाळ विकलं गेलंय, पैसे जमा झालेत, खोकं बांधून दारात ठेवलंय आणि कुरिअरवाला 'आधी कागद आणा' म्हणून दुसऱ्यांदा रिकाम्या हाताने परत गेला. कुठला कागद, ते त्यालाही धड सांगता येत नाही. गिऱ्हाईक रोज विचारतंय. शुक्रवारपर्यंत निघालं नाही तर पैसे परत करावे लागतील. कागद कुठे मिळतो आणि किती दिवसांत, एवढंच हवंय.

रानजाई | रात्री १०:५५

कुठे पाठवताय? गावात, राज्यात, देशाबाहेर? घंगाळ तांब्याचं की पितळेचं? वजन? तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

चिंचगूळ | रात्री ११:०३

पाठवण्याआधी नीट घासून घ्या. बाजारातली पावडर वापरू नका, तांब्याला ओरखडे जातात. चिंचेचा कोळ आणि मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचं, मग नारळाच्या शेंडीने हलक्या हाताने घासायचं, लगेच धुऊन कोरड्या फडक्याने पुसायचं. पाणी राहिलं तर दुसऱ्या दिवशी हिरवे ठिपके. मी गेली बारा वर्षं आईचा हंडा असाच ठेवलाय, आरशासारखा आहे.

ओसरीवरून | रात्री ११:१०

घासायचं विचारलेलं नाही हो. घासून झालंय.

रानजाई, अमेरिकेला. न्यू जर्सी. तांब्याचं आहे, कड्या पितळी. साडेपाच किलो भरलं.

नाना_तांबटआळी | रात्री ११:२६

घासलंत कशाने? जुनं घंगाळ बफ मारून, म्हणजे मशीनच्या चाकावर घासून, चकचकीत केलं की त्याचं वयच पुसलं जातं. तळाचा फोटो टाका, कडेचा टाका, कड्या कशा बसवल्यात ते दाखवा. रिव्हेट हाताचे आहेत का? आमच्या आळीत अजून मठारकाम होतं, हातोडीचा एकेक ठोका मोजून घ्यावा असं. पत्रा दाबून केलेल्या भांड्यावरही हल्ली मशीनने ठोके मारून 'अँटिक' म्हणून विकतात. त्यात एक खूण आहे, मशीनचे ठोके रांगेत एकसारखे पडतात.

मळवाट | मंगळवार, सकाळी ७:१५

मला हे वाचून वाईट वाटलं. कुणाच्या तरी आजीचं घंगाळ, दिवाळीच्या पहाटे त्यातल्या ऊन पाण्याने घरातली मुलं न्हायली असतील, आणि ते आता दाखवायला म्हणून सातासमुद्रापार. घरात ठेवा ना. जागा नसेल तर कुंडी करा.

ओसरीवरून | सकाळी ७:४०

माझ्या आजीचं नाहीये. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात घेतलं, रविवारी. शेजारी दोन हंडे होते, ते माझ्यासमोर एकाने मोडीत तोलून नेले. हेही वितळायलाच जाणार होतं. मी ते वाचवलंय असं मला मनापासून वाटतं. गेली तीन वर्षं बुधवार-रविवार सकाळी सहाला तिथे उभी असते. पानाचे डबे, अडकित्ते, फिरकीचे तांबे, चिनी मातीच्या बरण्या, जे मिळेल ते. यावर माझं घर चालतं.

आता कागदाचं कुणी सांगेल का?

बंदरकाठ | सकाळी ९:०५

मी न्हावा-शेवा आणि मुंबई विमानतळावर कस्टमचं काम करतो. कुरिअरच्या फॉर्मवर मालाचं वर्णन काय लिहिलंत? शब्दशः सांगा. 'कागद' मागण्याचं कारण त्यातच असणार.

ओसरीवरून | सकाळी ९:२०

'दीडशे वर्षं जुनं अस्सल अँटिक तांब्याचं घंगाळ, इसवी सन १८७४.' जाहिरातीत आहे तेच.

बंदरकाठ | सकाळी ९:३१

हेच ते. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी अशी वस्तू 'पुरावशेष' ठरू शकते, आणि पुरावशेष देशाबाहेर नेणं खासगी माणसाला बंद आहे. पूर्ण बंद. तुम्ही स्वतःच्या हाताने दीडशे वर्षं लिहिलीत, मग कोण हात लावेल? शिवाय पुरावशेषांच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो, तो वेगळाच विषय.

कुरिअरवाला मागतोय तो बहुधा 'ही वस्तू पुरावशेष नाही' असा दाखला. तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं. मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्यापाशी आहे. वस्तू आणि फोटो घेऊन जावं लागतं, तज्ज्ञ बघतात. शुक्रवारपर्यंत होईल अशी आशा धरू नका. आणि खरंच १८७४ चं असेल तर दाखला मिळणारच नाही.

१८७४ कशावरून ठरवलंत?

ओसरीवरून | सकाळी ९:३८

त्यावर कोरलंय! नावाच्या शेजारी.

शुद्धमती | सकाळी १०:१२

मूळ शब्द गंगाळ. गंगेचं पाणी ठेवायचं ते गंगाळ. धाग्याच्या शीर्षकापासून सगळे घंगाळ लिहिताहेत.

रानजाई | सकाळी १०:२०

आमच्या सातारकडे घंगाळच म्हणतात, आणि त्यात कुणी गंगेचं पाणी ठेवलेलं मी पाहिलं नाही. न्हाणीघरात बंबाशेजारी असायचं, विसण घालायला. दोन्ही चालतं. त्यांची गाडी शुक्रवारी सुटतेय, हे आत्ता नको.

नाना_तांबटआळी | सकाळी १०:४४

ओसरीताई, त्या कोरीव अक्षरांचा फोटो टाका. भांड्यावर नाव घालणारे छिन्नीने ठिपके ठिपके मारत अक्षर काढायचे. घासून घासून ठिपके बुजतात, मग काना-मात्रा दिसत नाहीत. तांदळाचं पीठ किंवा बारीक रांगोळी घ्या, अक्षरांवर चोळा, वरचं फुंकून टाका. ठिपक्यांत पांढरं बसतं आणि अक्षर उठून येतं. मग उजेड एका बाजूने पडेल असा फोटो काढा.

ओसरीवरून | दुपारी १२:५०

टाकलाय. पीठ चोळल्यावर आधी न दिसलेलं बरंच वर आलं. 'सौ. द्वा. वि. गो.' हे आधीपासून वाचता येत होतं. १८७४ च्या आधी एक अक्षर आहे, 'श' आणि टिंब. आणि खाली बारीक 'वै. शु. ३'. हे काय आहे?

नाना_तांबटआळी | दुपारी १:०२

शके १८७४. वैशाख शुद्ध तृतीया. आखितीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त धरून घेतलेलं भांडं आहे.

शकात ७८ मिळवा. इसवी सन १९५२. एप्रिलचा शेवट.

दीडशे वर्षं नाही ताई. पाऊणशेच्या घरातलं आहे. कामही त्या काळाला जुळतं: सांधा झाळलेला दिसतो, दातेरी आहे, कड्यांचे रिव्हेट हाताचे. सुंदर भांडं आहे. पण १८७४ चं नाही.

ओसरीवरून | दुपारी १:०५

अरे देवा.

बंदरकाठ | दुपारी १:१९

उलट तुमचं काम सोपं झालं. शंभर वर्षांच्या आत आहे, पुरावशेष नाही. बिलावर 'तांब्याचं घरगुती भांडं, वापरलेलं, सुमारे १९५२' असं लिहा. कस्टमचा मालाचा कोड ७४१८ टाका, तांब्या-पितळेच्या घरगुती वस्तूंचा. शंभर वर्षांहून जुन्यांचा कोड ९७०६, त्याच्या वाटेला जाऊ नका. 'अँटिक' हा शब्द सगळीकडून काढा. अक्षरांचा हा पीठ लावलेला फोटो छापून सोबत जोडा, विचारलं तर पुरावा हातात राहील. त्यावरही अडले तर मग शीव.

तुमच्याकडे आयईसी आहे ना? विक्रीचा माल बाहेर पाठवताय, भेट नाही.

ओसरीवरून | दुपारी १:२२

ते काय?

बंदरकाठ | दुपारी १:३०

आयात-निर्यात क्रमांक. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर अर्ज करायचा, ५०० रुपये शुल्क, पॅन, आधार आणि बँकेचा रद्द केलेला चेक. नंबर म्हणजे तुमचा पॅनच असतो. आज भरलात तर लवकर मिळेल. आणि पोस्टाचं डाकघर निर्यात केंद्र बघा, निर्यातीचं बिल तिथे ऑनलाइन भरता येतं.

सागरपार | दुपारी ४:५०

न्यू जर्सीतल्या एडिसनमधून लिहितोय. इथे आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्युटी माफ होती, ती ऑगस्ट २०२५ पासून गेली. माझ्या बहिणीने पाठवलेल्या समईवर मला दारात पैसे मोजावे लागले. ड्युटी कोण भरणार हे तुमच्या गिऱ्हाइकाशी आधी बोला. बाकी इथे भारतीय दुकानात तांब्याच्या बाटल्या मिळतात पण घंगाळ नाही, त्यामुळे मागणी आहे. कुणाकडे पुरणयंत्र असेल तर मलाही हवंय, स्टीलचं नको.

गुणाकार | संध्याकाळी ६:१०

वजन साडेपाच किलो धरून पाठवणीचे पैसे घेतलेत का? खोक्याचं माप काय?

ओसरीवरून | संध्याकाळी ६:२५

५० बाय ५० बाय ३० सेंटिमीटर. हो, साडेपाचवरच घेतले.

गुणाकार | संध्याकाळी ६:३३

कुरिअरवाले आकारमान धरतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. तुमचं पंधरा किलो येतं. जवळजवळ तिप्पट. मी बरण्या पाठवताना दोनदा यात बुडालो. पोस्टात विचारा, तिथला हिशोब वेगळा असू शकतो.

मळवाट | संध्याकाळी ७:०२

मला अजूनही वाटतं की त्या बाईंचं नाव असलेली वस्तू विकू नये. सौ. द्वा. म्हणजे द्वारका असेल. तिने आखितीला हौसेने घेतली असेल.

नाना_तांबटआळी | संध्याकाळी ७:२०

तिच्या घरच्यांनीच मोडीत घातली, तेव्हा तुम्ही-आम्ही कुठे होतो? आमच्याकडे आठवड्याला अशी पोतं येतात. नाव घातलेली, तारीख घातलेली, 'आत्याकडून' लिहिलेली. भट्टीत जातात. विकत घेऊन जपणारा माणूस भेटला तर मला बरं वाटतं.

ओसरीवरून | रात्री ९:१५

ते नाव. तेच सांगायचं राहिलं. गिऱ्हाइकाने नाव घासून काढून मागितलं होतं, 'परक्या बाईचं नाव नको' म्हणून. मी हो म्हटलं होतं, बफवाल्याशी उद्याचं ठरलंय.

आणि दुसरं, तिने दीडशे वर्षांचे पैसे दिलेत. १६,००० रुपये. मी ४,२०० ला घेतलं. तिला सांगावंच लागेल. दुपारपासून तेच डोक्यात आहे.

रानजाई | रात्री ९:२२

आज रात्रीच सांगा. तिकडे सकाळ आहे. आणि बफ थांबवा, ती तारीख हाच तुमचा पुरावा आहे.

बंदरकाठ | रात्री ९:२५

बफ आधी थांबवा. बाकी सगळं नंतर.

ओसरीवरून | गुरुवार, सकाळी ११:०८

कळवायचं राहिलं. परवा रात्री तिला सगळं लिहिलं. शके आणि इसवी सनातला घोटाळा, फोटो, नानांनी वाचलेली ओळ. पैसे पूर्ण परत देते किंवा ११,००० ला ठेवा असं म्हटलं. तासाभरात फोन आला. तिचं सासर पुण्याचं. आखिती म्हटल्यावर ती गप्पच झाली. मग म्हणाली, नाव राहू दे, मला वाटलं होतं दुकानदाराचं वगैरे असेल. ११,००० वर ठरलं, ड्युटी ती भरणार. बाकीचे पैसे मी कालच परत केले.

आयईसी आज सकाळी आला. उद्या पोस्टात जातेय, बिल ७४१८ वर भरलंय. खोकंही बदललं, ४५ सेंटिमीटरचं मिळालं.

नाना_तांबटआळी | सकाळी ११:३०

कड्या सुती नाडीने अंगाला बांधून घ्या, मध्ये फडकं घाला. मोकळ्या राहिल्या तर वाटभर अंगावर आपटतात आणि पोचे येतात. पोटात वर्तमानपत्राचे बोळे गच्च भरा, काठ दबला तर तिकडे काढून देणारा तांबट मिळायचा नाही.

सागरपार | संध्याकाळी ५:१५

पोटात जागा उरणार असेल तर पुरणयंत्र त्यातच... मी त्यांच्या गावापासून लांब नाही.

ओसरीवरून | शुक्रवार, दुपारी २:४०

निघालं. काउंटरवरच्या बाईंनी अक्षरांचा फोटो बघितला, 'अँटिक आहे का' विचारलं, १९५२ सांगितलं, शिक्का मारला. सगळ्यांचे मनापासून आभार. सागरपार, पुरणयंत्र बघते, पण ते वेगळ्या खोक्यात, त्याचं वेगळं बिल.

नवी_सुपली | शुक्रवार, रात्री १०:०१

छान धागा. माझ्याकडेही तांब्याचा बंब आहे, खूप जुना. किती येतील?

ओसरीवरून | रात्री १०:०९

कुठल्या गावचा? वजन किती? चिमणी आणि खालची जाळी आहे का, तोटी मूळची का? कुठे नाव घातलंय का बघा. दिसत नसेल तर तांदळाचं पीठ चोळा, फुंका आणि बाजूच्या उजेडात फोटो काढून इथे टाका. आकड्याच्या आधी 'श' आहे का, ते आधी सांगा.