अनुभव धागा: थ्रॉटलची पट्टी एक, इंजिने दोन

धागाकर्ता, सातारा

गेल्या दिवाळीत मी संगणकावर विमान उडवण्याच्या सिम्युलेटरसाठी (थोडक्यात, सिमसाठी) बारा बटणांची एक साधी जॉयस्टिक घेतली. तिच्या बुडाशी थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारी, एकच पट्टी आहे. एका इंजिनाचे सेसना १७२ उडवत होतो तोपर्यंत काही अडले नाही. परंतु दोन इंजिनांच्या बीचक्राफ्ट बॅरन ५८ वर आल्यापासून, एक इंजिन बंद पडल्यास विमान कसे सावरावे याचा सराव करायचा म्हटले की हात बांधल्यासारखे होतात, कारण पट्टी ओढली की दोन्ही इंजिने एकदमच मंदावतात. ज्यांनी प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र बटणे नेमून हे जमवले आहे, त्यांनी आपला अनुभव, विशेषतः फसलेला अनुभव, येथे लिहावा ही विनंती. प्रत्येक इंजिनाला वेगळी लेव्हर (दांडा) असलेला क्वाड्रंट विकत घ्या, हे उत्तर मात्र नको. ते मला ठाऊक आहे आणि घरातही ठाऊक आहे.

कराडहून

माझ्या जुन्या संगणकावर २००६ सालचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स अजूनही चालतो. त्यात कळफलकावर ई आणि त्यापाठोपाठ १ दाबले की पुढची प्रत्येक आज्ञा फक्त पहिल्या इंजिनाला लागू होते. मग एफ२ ने शक्ती कमी होते आणि एफ३ ने वाढते. ई, १ आणि २ असे ओळीने दाबले की दोन्ही इंजिने पुन्हा एकत्र येतात. जॉयस्टिकसोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मी याच कळा तीन बटणांवर बसवल्या: डावे, उजवे आणि दोन्ही.

पद्धत सोपी आहे, पण निवड केलेली आहे हे ती विसरू देते. एकदा कराडच्याच धावपट्टीवर डावे इंजिन तपासून झाले, ‘दोन्ही’चे बटण दाबायचे राहिले आणि मी थेट एफ४ दाबून पूर्ण शक्ती दिली. डावे इंजिन गरजले, उजवे जागेवरच पुटपुटत राहिले आणि विमान उजवीकडे वळून धावपट्टीबाहेर गेले. शेजारी बसलेल्या भाच्याने शांतपणे विचारले, “मामा, उसाला पाणी पाजायला निघालाय का?” तेव्हापासून ‘दोन्ही’चे बटण मी अंगठ्याखाली ठेवले आहे.

सांगलीहून, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

मी फ्लाइटगिअर हे सिम वापरतो, कारण ते मोफत आहे आणि त्यातील जॉयस्टिकची मांडणी एका एक्सएमएल (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये हाताने लिहिता येते. इथे सर्व मोजणी शून्यापासून होते, हे मला दोन तास वाया घालवल्यावर कळले. डावे इंजिन म्हणजे इंजिन शून्य आणि उजवे म्हणजे इंजिन एक. इतकेच नव्हे, तर जॉयस्टिकवर ज्या बटणावर ५ छापलेले आहे, ते फाइलमध्ये ४ असते. मी डाव्यासाठी लिहिलेली ओळ उजव्याला लागत होती आणि तीही भलत्याच बटणावर.

प्रत्येक दाबाला थ्रॉटल किती सरकावे हेही आपणच ठरवायचे असते. मी आधी ०.०५, म्हणजे पाच टक्के ठेवले होते. ते फार झटक्याचे वाटले, म्हणून ०.०२ केले आणि बटण दाबून धरल्यास आज्ञा पुन्हापुन्हा जावी अशी सोय केली. फाइलशी खेळायचे नसेल तर कळफलकावरील उद्गारचिन्हाने पहिले इंजिन, ॲटच्या चिन्हाने दुसरे आणि तरंगचिन्हाने सर्व इंजिने निवडता येतात.

मिरजेहून

माझे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे मला आलेली अडचण सिमची नसून आपल्याच धंद्यातील आहे, हे ओळखायला आठवडा लागला याची थोडी लाज वाटते. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिममध्ये मी इंजिन एक व दोनसाठी वाढवण्या-घटवण्याची चार बटणे नेमली. डाव्याचे बटण दाबून शक्ती तळाला आणावी आणि दोन-तीन सेकंदांत ती आपोआप पूर्वीच्या जागी उडी मारून जावी, असा प्रकार सुरू झाला.

पट्टीच्या आत तिची जागा मोजणारा एक पोटेन्शिओमीटर, म्हणजे सरकता विद्युतरोधक, असतो. त्याचा कार्बनचा पट्टा झिजला किंवा त्यात धूळ बसली की हात न लावताही वाचन किंचित थरथरते. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना होणारी खरखर ती हीच. सिमला मात्र तो थरथराट म्हणजे पट्टी हलल्याची नवी आज्ञा वाटते. पट्टी सर्व इंजिनांना मिळून नेमलेली असल्याने, बटणाने खाली आणलेले इंजिनही तिच्या जागेवर ओढले जाते. मी पट्टी उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा फवारा) मारला आणि पंधरा दिवस शांतता लाभली. कायमचा इलाज वेगळाच निघाला: मूळ मांडणीची एक प्रत काढून तिच्यात पट्टीची नेमणूकच रिकामी ठेवली आणि एका इंजिनाचा सराव करताना तीच मांडणी वापरू लागलो. धागाकर्त्यांनी बटणांना दोष देण्याआधी पट्टीकडे संशयाने पाहावे.

साताऱ्याहून, हवाई दलातील निवृत्त तंत्रज्ञ

मी एएन-३२ या दोन टर्बोप्रॉप इंजिनांच्या विमानावर काम केले आहे, म्हणून दोन गोष्टी सुचवतो. इंजिने वैमानिकाच्या आसनावरून डावीकडून उजवीकडे मोजली जातात. तेव्हा डाव्या इंजिनाची बटणे डावीकडेच असावीत. त्या बटणांवर मी नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे, सौजन्य अर्थातच सौभाग्यवतींचे.

दुसरे म्हणजे, शक्ती तळाला आणणे म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) वाऱ्याने फिरत राहतो आणि विमानाला मागे ओढतो; ती ओढ कमी करण्यासाठी पाती वाऱ्याला समांतर करावी लागतात, ज्याला फेदर करणे म्हणतात. बॅरनवर खरा सराव हवा असेल तर थ्रॉटलसोबत प्रत्येक प्रोपेलरची लेव्हरही वेगळ्या बटणावर घ्या. रडरच्या (शेपटीवरील सुकाणूच्या) पेडलांनी विमान सरळ ठेवताना जो पाय रिकामा राहील, त्या बाजूचे इंजिन गेले असे समजावे. आसनावरून पाहता दोन्ही पंखे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असतील, तर डावे इंजिन जाणे अधिक जड जाते, कारण उजव्या पंख्याचा जोर मध्यरेषेपासून अधिक दूर लागतो.

वाईहून

एक्स-प्लेन या सिममध्ये प्रत्येक इंजिनाला वेगळी आज्ञा आहे, पण ७४७ ची चार इंजिने म्हणजे आठ बटणे; बारापैकी उरलेल्या चारांत चाके, फ्लॅप आणि ट्रिम कसे बसवणार? मी फक्त बाहेरची दोन, १ आणि ४, बटणांवर घेतली.

पाटणहून

मी सिममध्ये ग्रुमन गूज हे पाण्यावर उतरणारे दोन इंजिनांचे विमान कोयनेच्या शिवसागरात उतरवतो. पाण्यात ब्रेक नसतात, त्यामुळे डावीकडे वळायचे तर उजव्या इंजिनाला थोडा जोर द्यावा लागतो. बटणांची इतकी सवय झाली आहे की इथे पट्टीची आठवणही होत नाही.

धागाकर्ता, सातारा

सर्वांचे आभार. मिरजेच्या सदस्यांचे निदान अचूक ठरले: माझीही पट्टी थरथरते. ती रिकामी केल्यावर चार बटणांवर बॅरन काल प्रथमच एका इंजिनावर धावपट्टीला लागले, वाकडेतिकडे का होईना. फेदरची बटणे अजून बाकी आहेत. एक अडचण उरली ती अशी की सराव संपल्यावर दोन्ही इंजिने नेमकी बरोबरीला येत नाहीत. सध्या मी दोन्ही तळाला आणून एकदम वर नेतो. रविवारी सर्वजण माझ्याकडे जमणार आहोत, तेव्हा मिरजेच्या सदस्यांनी कॉन्टॅक्ट क्लीनरची बाटली बरोबर आणावी.