एका ओढ्यावरील चार गावांचा सामाईक पाणलोट नकाशा: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (ओढाकाठ, पुरंदर)

नमस्कार. कऱ्हा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या पाणलोटात आमच्यासह चार गावे येतात. प्रत्येक ग्रामपंचायतीचा जलसंधारण आराखडा आणि नकाशा वेगळा असून, गावाची शीव संपली की नकाशाही संपतो. वर बंधारे वाढल्यापासून आमच्या विहिरी जानेवारीतच तळ गाठतात, असे आमचे शेतकरी म्हणतात. वरच्या गावाच्या मते पाऊसच कमी पडतो आहे. पुढे ठेवण्यासारखी नोंद दोघांकडेही नाही. एकत्र बसायला चारही गावे तयार आहेत. बैठकीपूर्वी एका नकाशावर नेमके काय आणावे, आणि तो कोणी सांभाळावा?

उत्तर (माथा ते पायथा)

आधी गावांच्या सीमा बाजूला ठेवून पाणलोटाची सीमा आखा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) साधारणपणे २० मीटर उंचीच्या अंतराने असतात, त्यामुळे ओढ्याचा माथा आणि त्याला मिळणाऱ्या ओहोळी कळतात. बंधाऱ्याची जागा ठरवायला मात्र एवढा तपशील पुरत नाही, ती त्यावरून ठरवू नये. इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावरील उंचीची माहिती घेऊन क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या मोफत संगणक प्रणालीत हेच काम अधिक नेटके करता येते. त्यावर गट क्रमांकांचे गाव नकाशे बसवताना ते थोडे सरकलेले दिसतील. शिवेचे दगड, जुनी देवळे आणि विहिरी यांची जागेवर नोंद घेऊन ते जुळवावे लागतात.

मग चारही गावांच्या माणसांनी मिळून शिवारफेरी करावी आणि प्रत्येक बंधाऱ्याची आजची साठवण लिहावी. भिंतीची उंची दोन मीटर असून आत सव्वा मीटर गाळ असेल, तर कागदावरचा साठा धरण्यात अर्थ नाही. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर, अर्थात १० लाख लिटर पाणी. त्यातले किती वाहून ओढ्यात येते आणि चारही गावांची एकूण साठवण किती, हे शेजारी शेजारी मांडले की वाद निदान आकड्यांवर येईल.

उत्तर (काळा पाषाण)

वरील मताशी सहमत आहे, पण बंधाऱ्यांचा नकाशा हे अर्धेच काम आहे. आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या खडकात, पाणी मुख्यत्वे झिजलेल्या, भेगाळलेल्या आणि सच्छिद्र थरांत साठते, आणि हे थर जमिनीवरची पाणलोट रेषा पाळतीलच असे नाही. म्हणून विहिरींची पातळी नकाशावर हवीच, आणि तीही तुलना करता येईल अशी. कठड्यापासून पाण्यापर्यंत मोजावे, कठड्याची उंची वजा करावी, पंप बंद होऊन किती वेळ झाला ते लिहावे, आणि जागेच्या उंचीवरून ती पातळी समुद्रसपाटीपासून काढावी. एरवी टेकडीवरच्या विहिरीतले १२ मीटर आणि ओढ्याकाठचे १२ मीटर एकच वाटतील. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर जवळपास असल्यास तिच्या जुन्या नोंदी अवश्य मागा. पाऊस कमी झाला की उपसा वाढला, हे पर्जन्यमापकाच्या नोंदींसोबत त्या ठेवल्यावरच उमगेल.

सर्वांत अवघड काम विंधन विहिरी (बोअर) नोंदवण्याचे आहे. लोक त्या सांगत नाहीत, कारण ही नोंद उद्या कोणाच्या हाती जाईल याची त्यांना खात्री नसते. म्हणून ही माहिती केवळ पाण्याच्या ताळेबंदासाठी, म्हणजे उपलब्ध पाणी आणि वापर यांच्या हिशेबासाठी, वापरली जाईल, असा लेखी ठराव चारही ग्रामसभांनी आधी करावा असे मला आग्रहाने वाटते. हिवरे बाजार या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरतात आणि शेतीसाठी विंधन विहीर घेण्यास मनाई आहे. तिथे बंधाऱ्यांइतकेच महत्त्व या उपशाच्या शिस्तीला आहे.

उत्तर (शिवारफेरी)

सांभाळण्याविषयी: मूळ प्रत एकच असावी, प्रत्येक गावाचा एक माणूस नेमावा, आणि कोणताही बदल कोणी, कधी, कशावरून केला याची नोंद सर्वांना दिसावी. छापील प्रत चारही ग्रामपंचायतींत लावावी, कारण संगणकापुढे न बसणारा शेतकरीच पुष्कळदा चुकीचा दाखवलेला ओहोळ बोट ठेवून दुरुस्त करतो.

ओढाकाठ

सर्वांचे आभार. विंधन विहिरींचा ठराव बैठकीत पहिलाच विषय म्हणून ठेवतो, आणि वरच्या गावाआधी आमच्या गावाच्या विहिरी व बोअर नोंदवून तो नकाशा त्यांच्यापुढे मांडतो.