'प्लॅटफॉर्म'ला व्यासपीठ म्हणावं का?

प्रश्न

दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांसाठी निघालेल्या एका ॲपची माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. आशय असा, की हे आधी नुसतं 'प्रॉडक्ट' होतं, आता 'प्लॅटफॉर्म' झालंय. 'उत्पादनाचं व्यासपीठ झालं' असं लिहिलं तर कुणाला काय कळणार? आणि 'फलाट' म्हटलं की नाशिकरोड स्टेशनच डोळ्यांपुढे येतं. काय लिहावं?

उत्तर

'उत्पादन' टाळाच. बागायतदाराच्या कानात 'एकरी उत्पादन' पक्कं बसलेलं आहे. सरळ 'ॲप' म्हणा, काम भागतं.

खरा घोळ दुसऱ्या शब्दात आहे. व्यासपीठ म्हणजे व्यासांचं आसन, पुराण सांगणाऱ्याची जागा. गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेत आजही व्यासपीठावर वक्ता बोलतो आणि समोरचे ऐकतात. तिथे तो शब्द चपखल. तंत्रज्ञानातल्या प्लॅटफॉर्मवर मात्र मालक जागा, सोयी आणि नियम पुरवतो. व्यवहार तिऱ्हाईत माणसं आपापसांत करतात.

आपल्या जिल्ह्यात हे समजावायला लासलगावची बाजार समिती पुरे. कांद्याने भरलेल्या ट्रॉल्यांच्या रांगा लागतात, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका गाडीपाशी थांबून क्विंटलमागे बोली वाढवत जातो, सौदा झाला की गाडी काट्यावर आणि तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. समिती स्वतः कांदा घेतही नाही, विकतही नाही. ती व्यापाऱ्याला परवाना देते, लिलाव लावते, बाजार फी घेते. आवक मोठी म्हणून व्यापारी येतात, आणि व्यापारी भरपूर म्हणून लांबचा शेतकरीही भाडं खर्चून तिथेच गाडी आणतो. प्लॅटफॉर्मची ताकद ही, आणि मालकाचा वरचष्माही यातूनच येतो: सगळे तिथेच जमले की त्याचा नियम पाळल्यावाचून गत्यंतर नसतं.

आयफोन 2007 मध्ये आला तेव्हा त्यात ॲपलने घालून दिलेलीच ॲप्स होती. जुलै 2008 मध्ये ॲप स्टोअर उघडलं, बाहेरच्यांची सुमारे 500 ॲप्स आली, आणि विक्रीतला 30 टक्के वाटा ॲपलने ठेवला. इतरांना त्या फोनच्या जिवावर कमावता येऊ लागलं, तेव्हा तो प्लॅटफॉर्म झाला. ॲमेझॉनचंही तसंच: 1995 मध्ये स्वतः पुस्तकं विकायला सुरुवात, 2000 मध्ये बाहेरच्या विक्रेत्यांना दार उघडं. सगळेच असे वाढत जात नाहीत म्हणा. 2016 मध्ये आलेलं यूपीआय पहिल्यापासूनच इतरांच्या ॲप्सनी वापरायची व्यवस्था आहे.

प्रतिसाद

विभक्तीवरून ओळखता येईल का? आपण 'एक्सेलमध्ये तक्ता केला' म्हणतो, पण 'यूट्यूबवर व्हिडिओ टाकला', 'ॲमेझॉनवर माल विकतो'. जिथे 'वर' तिथे प्लॅटफॉर्म?

उत्तर

निरीक्षण फार चांगलं आहे, पण कसोटी म्हणून पुरं पडत नाही. 'फोनवर बोललो', 'रेडिओवर ऐकलं' यात 'वर' आहे, तो नुसता माध्यमाचा. उलट बाजूने टॅली बघा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सगळे 'टॅलीत एन्ट्री मार' असंच म्हणतात. पण टॅलीला स्वतःची टीडीएल नावाची भाषा आहे. तिच्यात बाहेरचे लोक जोड-सोयी लिहून गिऱ्हाइकांना विकतात. म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर बऱ्यापैकी प्लॅटफॉर्म झालेलं आहे, फक्त एन्ट्री मारणाऱ्याचा त्या अंगाशी संबंध येत नाही, म्हणून त्याच्या तोंडी 'टॅलीत'च राहिलं.

मी एवढंच विचारतो: मालकाखेरीज दुसऱ्या कुणाचा धंदा यावर चालतो का? नसेल, तर जाहिरातीत कितीही मिरवलं तरी ते ॲपच. हा शब्द हल्ली सरसकट लावला जातो, ते मला पटत नाही. वाचणाऱ्याला आपण कुणाच्या नियमात शिरतोय हे कळायलाच हवं.

मूळ प्रश्नकर्ती

मग आमचं ॲप बसतं त्यात. आधी फक्त फवारणीच्या नोंदी ठेवायचं. आता माती तपासणारे, औषधविक्रेते आणि निर्यातदार त्यावरून थेट बागायतदारांशी व्यवहार करतात.

उत्तर

हेच वाक्य पुस्तिकेत घाला, आणि त्यापुढे 'म्हणजेच ॲपचा आता प्लॅटफॉर्म झाला आहे' असं जोडा. 'मंच' चालेल, पण त्यानेही सभाच आठवते. लिंगाचं सांभाळा: 'हे प्लॅटफॉर्म' असं पुष्कळदा छापलेलं दिसतं, बहुधा व्यासपीठाच्या ओढीने. बोलताना आपण 'प्लॅटफॉर्म कितवा?' असंच विचारतो, तेव्हा 'तो प्लॅटफॉर्म' हेच ठेवा.