टायगर वूड्सच्या पुनरागमनाला टाळ्या वाजवायच्या का?

आडवाटेचा (धागालेखक)

एप्रिल उजाडला, ऑगस्टाचं मास्टर्स (अमेरिकेतली गोल्फची मानाची स्पर्धा) जवळ आलं की २०१९ची ती क्लिप पुन्हा फिरू लागते. लाल शर्ट, अठराव्या होलवरचा छोटासा पट (चेंडू होलकडे ढकलणारा हलका फटका), मग पोराला मारलेली मिठी. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या: जिद्द असावी तर अशी, राखेतून उठला वगैरे.

ज्यांना गोल्फशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९७मध्ये २१व्या वर्षी टायगर वूड्सने मास्टर्स १२ फटक्यांच्या फरकाने जिंकलं. २००८पर्यंत १४ मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांतली विजेतेपदं. नोव्हेंबर २००९मध्ये फ्लोरिडात घराबाहेरच त्याची गाडी आधी हायड्रंटवर (आग विझवायच्या पाण्याच्या नळावर) आणि मग झाडावर आदळली, आणि पाठोपाठ विवाहबाह्य संबंधांची रांगच बाहेर आली. घटस्फोट झाला, बरेच प्रायोजक गेले, पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या, क्रमवारीत ११९९पर्यंत घसरला. आणि १४ एप्रिल २०१९ला, ४३व्या वर्षी, १५वं मेजर.

माझं म्हणणं एवढंच, की खेळाला हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवा, पण 'पापक्षालन झालं' या कथेला वाजवू नका. बायकोला फसवलं तो हिशेब त्या दोघांचा, माफ करणारे आपण कोण? पण २९ मे २०१७च्या पहाटे फ्लोरिडातल्या ज्युपिटर गावात पोलिसांना तो रस्त्याकडेला, इंजिन चालू असलेल्या मर्सिडीजमध्ये, स्टिअरिंगमागे झोपलेला सापडला. ड्रायव्हरच्या बाजूचे दोन्ही टायर बसलेले. पोलिसांच्या कॅमेऱ्यात दिसतं, त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही. दारूचा थेंब नव्हता. वेदनाशामकं, झोपेची गोळी, गांजाचा अंश असे पाच पदार्थ अंगात होते. हा मामला घरातला नाही. त्या रस्त्याने दुसरं कुणी जात असतं तर? आपण लफडी चवीने चघळतो आणि गाडी विसरतो.

खमंग

साफ असहमत. त्या रात्रीच्या महिनाभर आधी त्याचे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाली होती. गोळ्या मौजेसाठी नव्हत्या. बेदरकार ड्रायव्हिंगचा गुन्हा त्याने कबूल केला, वर्षभराचं प्रोबेशन घेतलं. कायद्याचं देणं फिटलं, आता अजून किती वर्षं ते बिल फाडत बसायचं?

आणि 'कथा' बाजूला ठेवून २०१९च्या शेवटच्या फेरीतल्या बाराव्या होलकडे बघा. जेमतेम दीडशे यार्डांचा होल, समोर रेज क्रीकचं पाणी, वर फिरता वारा. मोलिनारी दोन फटक्यांनी पुढे होता, त्याने चेंडू पाण्यात घातला. फिनाऊ पाण्यात. केप्का आणि पोल्टर आधीच पाण्यात गेलेले. टायगरने झेंड्याकडे ढुंकूनही न बघता ग्रीनच्या मध्यावर मारला, पार घेतला, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत होल पुरा. मग १३, १५ आणि १६ला बर्डी, पारपेक्षा एक फटका कमी. सोळाव्याला चेंडू उतारावरून असा वळत आला की होलमध्येच जातोय वाटलं. आपल्याकडे मध्यरात्र व्हायला आली होती आणि मी एकटा घरात ओरडत होतो. त्या क्षणी चारित्र्याचा दाखला मागायचा का?

वकीलीण

खमंग, ओरडा की. धाग्यात ओरडण्याला कुठे हरकत आहे?

माझा आक्षेप वेगळा आहे. २०१३मध्ये तो पुन्हा पहिल्या क्रमांकावर आला तेव्हा नायकेने जाहिरात काढली, मतितार्थ असा: जिंकलं की सगळं मार्गी लागतं. टीका झाली, पण कंपनी खरंच बोलली होती. २०१९ला मास्टर्स जिंकलं आणि ६ मेला, म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांत, व्हाइट हाऊसमध्ये ट्रम्पच्या हस्ते प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम, अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान, गळ्यात. मोलिनारीचा चेंडू पाण्यात गेला नसता आणि टायगर दुसरा आला असता, तर तोच माणूस, तेवढाच सुधारलेला किंवा बिघडलेला. मेडल मिळालं असतं का?

आणि ज्या बायकांची नावं २००९-१०मध्ये टॅब्लॉइडांनी वेशीवर टांगली, त्यांच्या पुनरागमनाची क्लिप कुणी पाठवली तर आभारी राहीन.

नाक्यावरचा

डिसेंबर २०१४मध्ये हीरो मोटोकॉर्पने टायगरला चार वर्षांसाठी करारबद्ध केलं होतं. म्हणजे माझ्या स्प्लेंडरच्या हप्त्यातले चार आणे त्याच्या खिशात गेलेत. टाळी वाजवायची का शिवी घालायची, हक्क माझा. बाकी चालू द्या.

दूरदेशी

अटलांटात राहतो, म्हणून थोडं इथलं सांगतो. २०१०मध्ये तो मास्टर्सला परतला तेव्हा ऑगस्टा नॅशनलचे अध्यक्ष बिली पेन यांनी जाहीर खडसावलं, की त्याने आम्हा सगळ्यांची, त्याहून जास्त आमच्या मुला-नातवंडांची निराशा केली. कुणी खडसावलं बघा! ज्या क्लबने पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९०मध्ये घेतला, आणि पेनसाहेब हे बोलत होते तेव्हा ज्यांच्या यादीत एकही बाई नव्हती. पहिल्या दोघी २०१२मध्ये आल्या. मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, खेळला १९७५मध्ये. टायगरचा जन्म त्याच वर्षाच्या डिसेंबरातला. तेव्हा जॉर्जियात त्याच्यासाठी जो गलका होतो, तो नुसता कपाटातल्या ट्रॉफ्यांसाठी नसतो.

२०१८च्या सप्टेंबरात इथल्या ईस्ट लेक मैदानावर मी त्या गर्दीत होतो. पाच वर्षांनी तो स्पर्धा जिंकत होता. अठराव्याला दोऱ्या ओलांडून लोक फेअरवेवर (होलपर्यंतच्या गवताच्या पट्ट्यावर) घुसले, माझ्या शेजारचे सत्तरीचे गृहस्थ काठी टेकत पळत होते. त्यांना कुणी 'नैतिक भूमिका' विचारली असती तर काठी डोक्यात बसली असती.

वकीलीण

ऑगस्टा ढोंगी होतं हे शंभर टक्के मान्य. पण न्यायाधीश लबाड निघाला म्हणून आरोपी साधू होत नाही.

तिरकी रेघ

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची आठवण अजून कुणी कशी काढली नाही? फरक लक्षात घ्या. त्याने उत्तेजकं घेऊन खेळातच फसवलं, म्हणून टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं काढून घेतली. टायगरच्या १५ मेजरना कुणी हात लावला नाही. मला मैदानातला प्रामाणिकपणा पुरतो. ज्यांना आदर्श पुरुष हवा त्यांनी गोल्फ कशाला बघायचं?

आडवाटेचा

तिरकी रेघ, माझ्या आक्षेपात मैदान नाहीच, तिन्ही वेळा गाडी आहे. २००९: निष्काळजी ड्रायव्हिंग, दंड १६४ डॉलर. २०१७ वर आलंच. फेब्रुवारी २०२१, लॉस एंजेलिसजवळ: गाडी उलटली, पाय मोडला. ताशी ४५ मैलांची मर्यादा, शेरीफच्या (तिथल्या पोलीसप्रमुखाच्या) म्हणण्यानुसार वेग ८४ ते ८७. साधं चलानही नाही, रक्ततपासणीही नाही. हीच मुभा त्याच रस्त्यावरच्या एखाद्या डिलिव्हरीवाल्याला मिळाली असती? खमंग म्हणतात देणं फिटलं. २०२१चं देणं मुळात कुणी मागितलंच नाही. आणि ते न मागण्यामागे आपल्यासारख्यांच्या टाळ्याच असतात.

खमंग

म्हणजे शेरीफने चलान फाडलं नाही, त्याला जबाबदार डोंबिवलीत बसून ओरडणारा मी? धन्य आहे.

दूरदेशी

आणि २०२२चं काय? पाय कापावा लागेल की काय अशी पाळी आलेला माणूस १४ महिन्यांत ऑगस्टाचे चढउतार चार दिवस चालला. शेवटच्या दोन फेऱ्यांत ७८, ७८ फटके. आला ४७वा. तरी अठराव्याला लोक उभे राहिले. वकीलीणबाई, तिथे तर जिंकणंही नव्हतं, मेडलही नव्हतं.

वकीलीण

हा मुद्दा चांगला आहे. मेडलबद्दलचं मत मात्र तेच.

आडवाटेचा

त्या ४७व्या नंबरला मीही उभा राहिलो असतो. फक्त 'मोडलेल्या पायाने चालला' म्हणताना तो पाय कसा मोडला, तेही त्याच वाक्यात येऊ द्या.