डीएपी खताच्या गोणीसोबत टॉनिकची सक्ती: तक्रार कोणाकडे करावी?

परतूर तालुक्यात कपाशीच्या लागवडीच्या तोंडावर डीएपीची गोणी मागितली, की दुकानदार सोबत पिकाच्या टॉनिकची बाटली घेतल्याशिवाय ती देत नाही आणि पावतीवर दोन्ही वस्तू आपणच मागितल्यासारख्या लिहितो. विचारले तर, 'कंपनीच आमच्या गळ्यात मारते' असे उत्तर मिळते. हातउसने करून पेरणाऱ्या माणसावर हा उघड अन्याय आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये २०२० मध्ये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अनेक ग्राहकांना बाधणाऱ्या अनुचित व्यापारी प्रथांची दखल घेते; एकट्याच्या भरपाईसाठी मात्र जिल्हा ग्राहक आयोगाकडेच जावे लागते. एका वस्तूला दुसरी बांधून विकणे २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३(४) मध्येही येते, परंतु तेथे भारतीय स्पर्धा आयोग बाजारातील स्पर्धेला लक्षणीय बाधा पोहोचते का, हे पाहतो.

दुकानदाराऐवजी कंपनीविरुद्ध दाद मागायची असल्यास यांपैकी कोणता मार्ग योग्य ठरेल? ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १६ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे गावाने सामूहिक अर्ज दिल्याचा मराठवाड्यात कोणाला अनुभव आहे का? पावतीवर सक्तीचा उल्लेखच नसताना पुरावा म्हणून काय जोडावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.