कारण सांगितल्याशिवाय उत्तर नाही

फोनवर ग्राहकाला वंश विचारणं म्हणजे थेट भेदभावच, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. नागपुरात रात्रपाळीत बसून अमेरिकी गृहकर्जाचे अर्ज भरून घेणाऱ्या पोरापोरींना तो प्रश्न विचारावाच लागतो. तिथल्या १९७५च्या गृहकर्जविषयक कायद्यात १९८९ साली दुरुस्ती झाली आणि अर्जदाराचा वंश, लिंग, उत्पन्न यांची नोंद ठेवणं कर्ज देणाऱ्यांवर बंधनकारक झालं. कृष्णवर्णीयांना कर्ज नाकारलं जातंय, हे आकड्यांशिवाय सिद्ध कसं करणार? अर्जदार मात्र उत्तर नाकारू शकतो. आणि अर्ज फोनवरचा असेल तर आवाजावरून किंवा नावावरून अंदाज बांधून रकाना भरायचा नसतो, हे फार महत्त्वाचं.

आपल्याकडे उलटं चालतं. भाड्याच्या घरासाठी फोन करा, आधी 'आडनाव काय, मूळ गाव कोणतं' असं विचारतात. कारण कोणी सांगत नाही. ज्या शहरात १९५६ साली दीक्षाभूमीवर लाखोंनी धम्म स्वीकारून जात झुगारली, तिथे हे ऐकलं की जीव जळतो.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं सहावं कलम म्हणतं, तुम्ही दिलेली संमती त्या कामाला लागणाऱ्या माहितीपुरतीच धरायची. तेव्हा कुठल्याही कंपनीच्या फोनवर जात-धर्म विचारला तर 'कशासाठी हवंय?' असं बिनधास्त विचारा. फक्त समोरच्या पोरावर ओरडू नका. स्क्रीनवरचे प्रश्न त्याने ठरवलेले नसतात. तक्रार कंपनीकडे लेखी करा.